हाली आणि कलदार



खिशांतील रुपया कोणाचा, असें आज आपल्या शहरांत कोणी कोणास विचारीत नाहीं. पाऊणशे वर्षांमागें मात्र हा प्रश्न येथें नित्याचा होता. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या वेळचें औरंगाबाद, निजामाच्या राज्यांत होतें. येथील रुपया हाली शिक्क्याचा. आगगाडीनें मनमाडास उतरावें तों इंग्रजी मुलुख लागे, आणि तेथें चाले तो कलदार. दोन्ही रुपयेच, दोन्हींचे सोळा आणे, आण्याचे बारा पै. पण एकाबद्दल दुसरा बरोबरीनें कोणी देत नसे.

'हाली' म्हणजे चालू. आपण 'हल्ली' म्हणतों, तो शब्द त्याच घरचा. 'कलदार' म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. पुढें हैदराबादच्या टांकसाळींतहि यंत्रें आलीं, चारमिनारच्या छापाचा सुबक रुपया निघूं लागला. तरी कलदार हें नांव इंग्रजी रुपयाकडेच राहिलें. नांवें एकदां चिकटलीं कीं सुटत नाहींत.

आमच्या शहरासहि एके काळीं स्वतःची टांकसाळ होती. मोगल अमदानींतील कांहीं नाण्यांवर 'खुजिस्ता बुनियाद' असें स्थळनाम आढळतें, तें याच शहराचें. निजामीच्या आरंभींच्या काळांत ठिकठिकाणच्या टांकसाळींचे रुपये चालत, आणि सराफ वजन व कस पाहून बट्टा कापी. १८५७ च्या उठावानंतर नाण्यावरून दिल्लीच्या बादशहाचें नांव गेलें; पहिल्या सालारजंगांच्या कारभारांत जिल्ह्यांतल्या टांकसाळी बंद होऊन हें काम हैदराबादेस एकवटलें. तोच हाली शिक्का.

दोहोंतील दराचें मूळ चांदींत आहे. यंत्रावरचा हाली रुपया सुमारें ११.१८ ग्रॅम वजनाचा व शेंकडा ८१.८ कसाचा, म्हणजे त्यांत शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. कलदार ११.६६ ग्रॅमचा व शेंकडा ९१.७ कसाचा, त्यांत चांदी १०.६९ ग्रॅम. भागाकार करून पाहावा, म्हणजे सात हाली बरोबर सहा कलदार हें प्रमाण जवळजवळ हुबेहूब निघतें. व्यापारी तें शेंकड्यानें बोलत: शंभर कलदारांस एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. वऱ्हाडाबद्दल १९०२ च्या करारानें निजाम सरकारास वर्षाला २५ लक्ष कलदार ठरले. सात-सहाच्या हिशेबानें ते हालींत २९ लक्ष १६ हजार ६६६ रुपये दहा आणे आठ पै होतात. शेपटी तीच!

परंतु दर नुसत्या चांदीवर उभा राहत नाहीं. १८९३ सालीं इंग्रज सरकारनें लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणें बंद केलें. कलदाराची किंमत आंतील धातूहून वर चढली. हाली मात्र कांहीं काळ हेलकावे खात राहिला. शिवाय हंगामाचा जोर असेच. औरंगाबाद-जालन्याकडील कापूस मुंबईस गेला कीं कलदार आंत येत आणि शेतकऱ्यास चुकते करण्यास हालीची मागणी वाढे. पुढें कापड, मीठ, घासलेट आणावयाचें, तेव्हां ओढ उलट. या चढउतारांत सराफाचें पोट भरे. राज्य सरकारनें पुढें कलदारांचा व इंग्रज सरकारच्या रोख्यांचा साठा ठेवून दर ११६-१०-८ च्या आसपास धरून ठेवला. १९४२ सालीं हैदराबाद स्टेट बँक सुरू झाल्यावर हें काम तिच्याकडे आलें. ऑस्ट्रियाचे सुमारें सात शिलिंग बरोबर जर्मनीचा एक मार्क, हा मेळ १९९९ सालीं युरो येईपर्यंत वीसेक वर्षें असाच साठ्याच्या व धोरणाच्या जोरावर टिकला होता.

आमच्या घरांत या दराची एक आठवण आहे. आजोबांनीं दुसऱ्या महायुद्धापूर्वीं मनमाडच्या एका कापडव्यापाऱ्याकडून उधारी केली. कागदावर लिहिलें, 'रुपये ७००, निमे साडेतीनशें'. अर्धी रक्कम लिहिण्याची दक्षता घेतली. शिक्का कोणता, हें लिहावयाचें राहिलें. आजोबा म्हणत हाली, व्यापारी म्हणे कलदार. अखेर आजोबांनीं कलदार मोजले; म्हणजे हालींत ८१६ रुपये दहा आणे आठ पै. एका शब्दापायीं गेले ते बरोबर एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै. व्यापाऱ्यास मी दोष देत नाहीं. कापड त्यानें कलदारांतच घेतलें असेल. पण त्यानंतर आजोबा पत्राच्या आंत दोन आण्यांचा उल्लेख आला तरी पुढें 'हाली' लिहीत.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत आलें. दोन रुपये मात्र लगेच एक झाले नाहींत. १९५० पासून भारतीय रुपया येथें हालीच्या जोडीनें चालूं लागला, आणि दर जुनाच राहिला. सत्तर हालीच्या पगाराचे साठ झाले. हिशेब चोख, बाजारांत मात्र अडचण होती. एक आण्याच्या भाजीचे कलदारांत दहा पै व दोन सप्तमांश पै होतात. पैचे दोन सप्तमांश कोणत्या गल्ल्यांत सांपडणार? अशा ठिकाणीं भाव आण्यावरच टेकण्याकडे विक्रेत्याचा कल असावयाचा, आणि तो सातवा हिस्सा गिऱ्हाइकाच्या अंगावर पडावयाचा. ज्याचा खर्च आण्या-पैचा, त्याला ही तूट मोठी. मोठ्या व्यवहारांत असें होत नाहीं. तेथें अपूर्णांक लिहितां येतो.

१९५१ पासून नवा हाली निघणें थांबलें. जुना मात्र १९५९ पर्यंत कायद्यानें रद्द झाला नव्हता. तोंवर १९५७ सालीं नवे पैसे आले होते, आणि रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर भाग झाले होते. आजोबांच्या पेटींतील सहा-सात हाली रुपये बदलून घ्यावयाचे राहिले ते राहिलेच.