चेहऱ्याला दिलेला वेळ



मराठीतला एक शब्द मला फार आवडतो : व्यक्तिचित्र. चित्रकाराने रंगांत काढले तेही व्यक्तिचित्र आणि लेखकाने शब्दांत लिहिले तेही व्यक्तिचित्रच. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधला नारायण कुणी कुंचल्याने रंगवलेला नाही, तरी तो आपल्याला दिसतो. रंग आणि शब्द यांना आपल्या भाषेने एकाच पंगतीला बसवले आहे.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे एक प्रसिद्ध चित्र आहे. दिव्यापुढे तिने हाताचा आडोसा धरला आहे आणि बोटांतून प्रकाश झिरपतो आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्मा यांचे समजतात. पण रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तले. हे जलरंगातले चित्र १९४५च्या सुमारास काढले सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी आणि समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जलरंगात चुकलेला हात सहसा झाकता येत नाही. म्हणून वडिलांची नजर ढळायची नाही आणि मुलीचा हात हलायचा नाही. दोघांनी एकमेकांना दिलेला तो वेळ चित्रात उतरला आहे.

एका माणसाला एकच चेहरा असतो, असेही नाही. १९६८ मध्ये पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उभे राहिले. त्यासाठी गोपाळ देऊसकरांनी बालगंधर्वांची दोन तैलचित्रे रंगवली, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीभूमिकेतले. यातले खरे कुठले, असे विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही मिळून बालगंधर्व होतात.

आम्ही नवी मुंबईकर मात्र चेहरा ओळखतो तो अर्जावर डकवलेला. स्टेशनाबाहेरच्या स्टुडिओत ‘मान सरळ, हसू नका’ म्हणतात आणि पाच मिनिटांत आठ प्रती हातात ठेवतात. तो फोटो कार्यालयाला पुरतो. घराला पुरत नाही.

आमच्या घरी भिंतीवर माणसांच्या तसबिरी लावण्याची रीत नव्हती. तो श्रद्धेचा भाग होता आणि त्यात काही उणे आहे, असे कधी वाटले नाही. अम्मी गेल्यावर हजच्या पासपोर्टवरचा तिचा फोटो तेवढा उरला. त्यात ती भेदरलेली दिसते. माझ्या धाकट्या लेकीने दादीला पाहिलेले नाही. तिने विचारले, “दादी अशी होती?”

मी म्हटले, “छे!” आणि सांगू लागलो. तांदळाची भाकरी थापताना अम्मीच्या कपाळाला पीठ लागे. भाजीवाल्याशी ती चार आण्यांसाठी भांडायची आणि मग त्यालाच चहा पाजायची. हसू फुटण्याआधी तिची एक भुवई वर जायची.

“कुठली?” लेकीने विचारले.

मी डोळे मिटले. अम्मीला चुलीपाशी बसवले, तिच्यासमोर बसलो आणि नीट पाहिले. मग म्हणालो, “डावी.”

चित्रकार हेच करतो. तो माणसासमोर बसतो आणि घाई न करता पाहतो. श्रोतेहो, आपल्या घरात कुणी वडीलधारे असेल, तर आज त्यांच्यासमोर घटकाभर बसा. चित्र काढता येत नसेल, तर चार ओळी लिहा. आणि भुवई कुठली, तेवढे मात्र त्या असतानाच पाहून ठेवा.