नकाशा आणि जमीन



फौजेत मी एक गोष्ट शिकलो. नकाशा आणि समोरची जमीन जुळली नाही, तर जमीन खरी मानायची.

धर्मग्रंथ मला जुन्या नकाशासारखे वाटतात. पुराणे सांगतात, राहू चंद्राला गिळतो. आर्यभटांनी इ.स. 499 मध्येच लिहिले, चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली. तेही याच मातीतले!

नीतीचेही तसेच. मनुस्मृती जन्मावरून उच्चनीच ठरवते. आमच्या जखमी जवानाला रक्त देताना कुणीही जात विचारली नाही.

माझ्या पिठ्ठूत गीता असायची. धीर तिने दिला. निर्णय मात्र मलाच घ्यावे लागले आणि त्यांचा जाबही मलाच द्यावा लागला.

ग्रंथाला जरूर हात जोडा. पाऊल टाकताना मात्र जमीन बघा.