दोन चाफे
(चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



शास्त्रीय विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण घरात एक गोष्ट घडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझ्या सासूबाई सोनचाफ्याची फुले तिळेलात मुरवून डोक्याला लावायचे तेल करीत. गेल्या श्रावणात मी धाकट्या सूनबाईला म्हटले, "चाफ्याची फुले आण बाई." ती देवळामागच्या झाडाची टोपलीभर फुले आणि एक फांदीही घेऊन आली. नातवाने फांदीचा चीक बोटाला लागलेला असताना डोळा चोळला. डोळा लालभडक! पाण्याने खूप धुतला, डॉक्टरांकडे नेले, निभावले. चूक तिची नव्हती. मी नुसते 'चाफा' म्हटले होते. ज्या पनवेलीत 1872 साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला, तिथल्या बाईने असे मोघम बोलावे!

नाव एक, पण या दोघांचे नातेगोते काही नाही. देवचाफा, म्हणजेच खुरचाफा, हा कण्हेर-तगरीच्या कुळातला. फांदी मोडताच दुधासारखा चीक येतो, तो कातडीला नि डोळ्यांना बाधतो. पाच पाकळ्या बुडाशी जुळलेल्या, म्हणून फूल गळते ते अख्खे. सोनचाफा कवठी चाफ्याच्या घरचा. त्याच्या पाकळ्या लांबट, पाचाहून पुष्कळ आणि सुट्या; एकेक करून गळतात. मधल्या दांड्यावर पुढे फळांचा घोस धरतो. चीक नाही. हे कूळ फार पुरातन, त्याच्या फुलांचे परागण मुख्यतः भुंगेरे करतात. देवचाफा रात्री दरवळतो, पतंग मधाच्या आशेने येतात, आणि फुलात मधाचा थेंब नसतो! असे यजमान आपल्याही ओळखीत असतील.

संस्कृतातला चंपक तो सोनचाफाच. देवचाफा मूळचा अमेरिकेतला, मेक्सिकोच्या बाजूचा. पण आपल्या देवळांत असा रुजला की परका वाटतच नाही.

ती फांदी मात्र माझ्याने टाकवेना. मागच्या दारी, मुलांचा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात खोचली. थंडीत पाने झडून तिचा खराटा झाला होता. परवा पाहिले, तर शेंड्याला पालवी.