साखळीच्या आधी नोंद खरी हवी

ब्लॉकचेन हे श्रीमंत देशांचे तंत्रज्ञान असून गरीब देश त्यांच्या मागून चालले आहेत, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्ष वापराचे चित्र वेगळे आहे. चेनॅलिसिस ही कंपनी प्रत्येक देशातल्या लोकांची क्रयशक्ती लक्षात घेऊन ब्लॉकचेनवर चालणाऱ्या क्रिप्टो-चलनांच्या वापराची क्रमवारी लावते. तिच्या 2023 आणि 2024 च्या यादीत पहिला क्रमांक भारताचा, तर दुसरा नायजेरियाचा होता. मात्र वापर वाढला म्हणजे लोकांचा फायदा झाला, असे लगेच म्हणता येत नाही. ब्लॉकचेन कुठे टिकली आणि कुठे कोलमडली हे पाहिले, तर एक सूत्र हाती लागते. जिथे नोंदी ठेवणारी संस्था आधीपासून विश्वासार्ह असते तिथे ब्लॉकचेनची ही साखळी उपयोगी पडते. तशी संस्था नसेल, तर साखळी तिची जागा घेऊ शकत नाही.

ब्लॉकचेन म्हणजे एकाच हिशेबवहीच्या अनेकांकडे असलेल्या, सतत जुळवून घेतल्या जाणाऱ्या प्रती. एकाने आपल्या वहीत खाडाखोड केली तर इतरांच्या वह्यांवरून ती उघडी पडते. म्हणून लिहिलेली नोंद गुपचूप बदलणे फार अवघड जाते. पण पहिल्यांदा लिहिताना नोंद खरी होती की खोटी, हे त्या वहीला कळत नाही. जमिनीच्या नोंदींचेच उदाहरण घेऊ. जॉर्जियाने 2016 मध्ये जमिनीच्या मालकीच्या नोंदी ब्लॉकचेनशी जोडायला सुरुवात केली आणि ते काम पुढे गेले, कारण तिथल्या सरकारने 2004 पासूनच नोंदणी खाते नव्याने उभारून दप्तर स्वच्छ केले होते. होंडुरासमध्ये 2015 साली अशाच योजनेची घोषणा झाली, पण ती पुढे सरकलीच नाही. स्वीडनने तर 2016 पासून काही वर्षे प्रयोग करून पाहिला, तरीही रोजचा कारभार त्यावर नेला नाही. जुनी व्यवस्था तिथे चांगली चालत होती. एस्टोनिया मात्र 2012 पासून सरकारी नोंदींमध्ये कोणी फेरफार केलेला नाही ना, हे तपासायला याच प्रकारचे तंत्र वापरतो. तिथे मुळातली नोंद नीट होते आणि तंत्र तिच्यावर पहारा ठेवते.

श्रीमंत देशांनाही यात हमखास यश मिळालेले नाही. मर्स्क आणि आयबीएम यांनी जहाजी मालवाहतुकीसाठी 2018 मध्ये ट्रेडलेन्स सुरू केले, पण या क्षेत्रातल्या इतरांचे पुरेसे सहकार्य न मिळाल्याने 2022 मध्ये ते बंद करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपला ब्लॉकचेन प्रकल्प थांबवला आणि सुमारे 25 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा खर्च बुडीत धरला. फरक आहे तो नुकसान सोसण्याच्या ताकदीत. श्रीमंत देशात प्रयोग फसला की भागधारकांना झळ बसते आणि लोकांचे व्यवहार जुन्या पद्धतीने चालू राहतात. एल साल्वादोरने मात्र 2021 मध्ये बिटकॉइन या क्रिप्टो-चलनाला थेट कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. सरकारी अ‍ॅप घेणाऱ्याला 30 डॉलर दिले, पण ते खर्च झाल्यावर बहुतेकांनी अ‍ॅप वापरणे सोडल्याचे संशोधकांना आढळले. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाची गरज पडली आणि जानेवारी 2025 मध्ये कायदा बदलून बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती काढावी लागली.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. जिथे संस्थाच पोकळ आहेत तिथल्या माणसाने संस्था सुधारण्याची वाट किती काळ पाहायची? अर्जेंटिनात 2023 मध्ये वर्षभरात महागाई 200 टक्क्यांवर गेली. अशा वेळी डॉलरशी जोडलेल्या डिजिटल नाण्यांत बचत ठेवणाऱ्याला दोष देता येणार नाही. त्याची गरज खरी आहे. पण तो जो विश्वास वापरतो तो अमेरिकी डॉलरवरचा आणि नाणे काढणाऱ्या कंपनीवरचा असतो. मे 2022 मध्ये टेरा या क्रिप्टो प्रकल्पाचे असेच नाणे कोसळले, तेव्हा दाद मागायची कुठे, हा प्रश्न जगभरच्या गुंतवणूकदारांपुढे उभा राहिला. दुसरा आक्षेप असा, की गरीब देशांनी टेलिफोनच्या तारांची वाट न पाहता थेट मोबाइल घेतला, तसेच इथेही होईल. पण केनियात 2007 मध्ये आलेली एम-पेसा आणि आपल्याकडे 2016 मध्ये आलेले यूपीआय, या पैसे पाठवण्याच्या दोन्ही सेवा ब्लॉकचेनशिवाय घरोघरी पोहोचल्या. केनियात गल्लीतल्या दुकानात रोख पैसे देणारा एजंट होता. भारतात बँका, नियामक आणि तक्रारीची वाट होती.

गरिबांसाठी ब्लॉकचेन उपयोगी पडल्याची उदाहरणेही आहेत. जागतिक अन्न कार्यक्रम 2017 पासून जॉर्डनमधल्या सीरियन निर्वासितांच्या छावण्यांत ती वापरतो. निर्वासित दुकानात डोळ्याच्या बुबुळाने ओळख पटवतो, खरेदीची नोंद साखळीत जाते आणि बँकेच्या शुल्काचा मोठा भाग वाचतो. इथे निर्वासितांची नोंदणी आधीच झालेली आहे, दुकाने ठरलेली आहेत आणि जबाबदार संस्था समोर आहे. आपल्या महाराष्ट्रातही 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवले गेले. बनावट दाखला ओळखायला त्याची मदत होते. मात्र दाखला योग्य माणसाला मिळाला का, हे शेवटी अधिकाऱ्याच्या चौकशीवरच ठरते.

म्हणून, श्रोतेहो, ब्लॉकचेनचे नाव घेऊन एखादी योजना समोर आली तर तीन प्रश्न जरूर विचारा. पहिली नोंद कोण करतो आणि तिची जबाबदारी कोणाची? चूक झाली तर ती दुरुस्त कोण करणार आणि दाद कुठे मागायची? हेच काम साध्या संगणकीय नोंदवहीने होणार नाही का? यांची उत्तरे न देता कोणी ठरावीक परताव्याचे आश्वासन देत असेल, तर त्याच्याकडे पैसे देऊ नका. आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडे नव्या तंत्राची मागणी करण्याआधी अचूक दप्तराची, वेळेत मिळणाऱ्या दाखल्यांची आणि तक्रार ऐकून घेणाऱ्या कार्यालयाची मागणी करा. एवढे मिळाले तर ब्लॉकचेन आली तरी तिचा लाभ होईल, आणि नाही आली तरी तुमचे काम अडणार नाही.