गावच्या वडाची नोंद

आज झाडांबद्दल बोलणार आहे. पण झाडं लावा असं सांगायला आलेलो नाही. ते तुम्ही पुष्कळदा ऐकलंय. जी उभी आहेत, त्यांच्याबद्दल बोलायचंय.

1964 चा वृक्षतोड नियमन कायदा तुम्हाला ठाऊक आहे. साग, खैर, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, जांभूळ ही झाडं आपल्या रानातली असली, तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्यांना कुऱ्हाड लावता येत नाही. पण ती यादी एकदा शेवटपर्यंत वाचा. तिच्यात वड नाही. पिंपळ नाही, उंबर नाही, कडुनिंबही नाही. ज्याच्या पारावर अख्खं गाव बसतं, त्या वडाचंच नाव नाही!

शहरात 1975 चा वेगळा कायदा चालतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर तिथलं 50 वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं. आपल्या गावातला वड त्याच्या दुप्पट वयाचा असेल, तरी त्याला हा मान नाही.

घरात आजोबा आहेत आणि रेशनकार्डावर त्यांचं नाव नाही, असं समजा. सगळे पाया पडतात, पहिली भाकरी त्यांच्याच ताटात पडते. पण धान्य मोजताना दुकानदार त्यांना धरत नाही. योजनेचा कागद मागितला की घरातले एकमेकांकडे बघतात. आजोबा नाहीत असं कुणी म्हणत नाही, फक्त लिहिलेलं कुठं नाही. वडाचं तसंच आहे. वटपौर्णिमेला आपण सूत गुंडाळतो, आणि रस्ता रुंद करायला आलेले साहेब विचारतात, नोंद दाखवा.

मिरज तालुक्यातलं भोसे आठवा. 2020 मध्ये महामार्गाच्या कामात यल्लमा मंदिराजवळचा, 400 वर्षांचा म्हणतात तो वड जाणार होता. लोक आडवे उभे राहिले, गाऱ्हाणं मंत्र्यांपर्यंत गेलं आणि रस्ता वळवला. पुढं 2022 च्या पावसात तो कोसळला, ती हळहळ वेगळी. पण तेव्हा तो वाचला तो लोकांच्या ओरड्यानं. प्रत्येक गावाचा आवाज तिथवर पोचेल का? म्हणून सांगतो, नोंद हवी.

आणि नोंदीची सोय आहे, बरं का. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. किती जणांनी ती उघडून पाहिलीय? कपाटात पडून असेल, तर बाहेर काढायला लावा. झाड कुठल्या गटात आहे, घेर किती, जाणती माणसं वय किती सांगतात, हे त्यात लिहून घ्या आणि ग्रामसभेचा ठराव करा. एवढ्यानं झाड तोडणं गुन्हा ठरत नाही, हे खरं. पण साहेबांपुढं ठेवायला गावाच्या हातात कागद येतो.

बांधावरच्या झाडांची नोंद ई-पीक पाहणीत करता येते.

1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी, यांतली जी ग्रामसभा आधी येईल, तिच्यात हा विषय घ्या. अर्ज आठवडाभर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्या, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.