जुनी पेठ, नवी उभारणी
(नगरविकासविषयक परिसंवादात केलेले भाषण)



आज मी मुंबईच्या भेंडी बाजाराविषयी बोलणार आहे. पंचायत सदस्यांना वाटेल, मुंबईच्या पेठेशी आमचा काय संबंध? परंतु खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही घडण आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेतही आहेच. फरक आहे तो दाटीचा.

तेथील पडझड एका दिवसात आलेली नाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी 1940 च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, आणि ते आवश्यकच होते. मात्र काही रुपयांच्या भाड्यात डागडुजी करणे घरमालकांना परवडेनासे झाले. पुढे 1969 च्या कायद्याने उपकर बसविला गेला व दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. बेटावरील मुंबईत अशा उपकरप्राप्त इमारती तेव्हा 19 हजारांहून अधिक होत्या! टेकू लावून किती काळ निभावणार? शिवाय एकेक इमारत पाडून जागच्या जागी बांधली, तर गल्ली अरुंदच राहते. 2009 मध्ये समूह पुनर्विकासाच्या नियमांत सुधारणा झाली, ती या अडचणीमुळे.

भेंडी बाजारात दाऊदी बोहरा समाजाच्या न्यासाने साडेसोळा एकरांचे क्षेत्र हाती घेतले. त्यात सुमारे 250 इमारती, 3200 कुटुंबे आणि 1250 दुकाने होती. लहानशा खोलीतील भाडेकरूस किमान 350 चौरस फुटांची मालकीची सदनिका, आणि खर्चाची भरपाई विक्रीसाठी बांधलेल्या इमारतींतून, अशी ही योजना आहे.

यातील 1250 हा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कुटुंब काही वर्षे दूरच्या संक्रमण निवासात काढू शकते; दुकानाचे गिऱ्हाईक मात्र त्या कोपऱ्याशी बांधलेले असते. ते एकदा तुटले की नवा गाळा कितीही प्रशस्त असला तरी सहजी परतत नाही. ज्याचे पोट तळमजल्यावर आहे, तो माणूस धोक्याची नोटीस हाती पडूनही वरची खोली सोडण्यास कचरतो. त्याला हेकट म्हणणे सोपे आहे.

31 ऑगस्ट 2017 रोजी याच योजनेतील हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. तेथील काही कुटुंबे आधीच स्थलांतरित झाली होती. काही मागे राहिली होती.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या नगराच्या जुन्या पेठेचे सर्वेक्षण कराल तेव्हा बिऱ्हाडांसोबत धंद्यांचीही नोंद घ्या. ओट्यावर बसणारा शिंपी, दुकानाच्या माळ्यावर झोपणारा हमाल, पोटभाडेकरू यांची नावे भाडेपावतीवर सापडत नाहीत. त्यासाठी सकाळी एकदा व रात्री एकदा गल्लीतून फिरावे लागेल. आणि इमारत रिकामी करण्याची तारीख ठरविण्यापूर्वी, त्याच पेठेत चालत जाण्याच्या अंतरावर तात्पुरते गाळे उभे करा.