हिवाळ्यातील पदभ्रमण आणि पोशाख

(नैनिताल येथे पदभ्रमणासाठी जमलेल्या तरुणांच्या तुकडीपुढे केलेले भाषण)



उद्या सकाळी आपण सर्व जण नैनितालच्या तळ्याकाठून नैना शिखराकडे निघणार आहोत. या शिखरास पूर्वी चीना शिखर असे म्हणत. नैनितालभोवतीच्या डोंगरांत ते सर्वांत उंच असून त्याची उंची सुमारे २,६०० मीटर आहे. तळ्याची पातळी सुमारे १,९४० मीटर आहे. म्हणजे आपणास साडेसहाशे-सातशे मीटर चढावयाचे आहे. गावापासून माथ्यापर्यंतचे अंतर सहा किलोमीटरांच्या आसपास भरते. वाट बांज, देवदार आणि सुरई यांच्या वनातून जाते. आकाश निरभ्र असेल तर माथ्यावरून त्रिशूळ आणि नंदादेवी ही शिखरे दिसतात. या वाटेसाठी दोर लागत नाही, बर्फात चालवावयाची कुऱ्हाडही लागत नाही. सायंकाळपर्यंत आपण परत येऊ.

परंतु नेमक्या याच कारणामुळे, म्हणजे सायंकाळी परत यावयाचे आहे या विचारामुळे, एक दिवसाच्या सहलीची तयारी बहुधा निष्काळजीपणे केली जाते. मोठ्या मोहिमेवर जाणाऱ्या गिर्यारोहकाजवळ तंबू असतो, झोपण्याची उबदार पिशवी असते, चूल असते. एक दिवसासाठी निघालेल्या माणसाजवळ यांपैकी काहीच नसते. वाटेत कोणाचा पाय मुरगळला आणि दोन-तीन तास एका जागी थांबण्याची पाळी आली, तर त्याच्या अंगावर आणि पाठीवरील पिशवीत जे कपडे असतील तेच त्याचे घर होय. जानेवारीत येथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि दाट झाडीत काळोख त्याहूनही लवकर होतो. म्हणून आज थोडा वेळ आपण केवळ पोशाखाचा विचार करू.

आपल्यापैकी बहुतेक जण सखल प्रदेशातून आलेले आहेत. कोणी नागपूरचे आहेत, कोणी कोचीचे, कोणी भुवनेश्वरचे. थंडीसाठी कपडे करणे म्हणजे घरातील सर्वांत जाड कपडा अंगावर चढविणे, अशी आपली साधारण समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी प्रथम आपल्या शरीराकडे पाहिले पाहिजे.

कपड्यात स्वतःची उष्णता नसते, उष्णता शरीराची असते. स्वस्थ बसलेला माणूस शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. तोच माणूस पाठीवर ओझे घेऊन चढण चढू लागला की हे प्रमाण चौपट-पाचपट होते. तेव्हा चढताना आपल्यापुढील प्रश्न ऊब मिळविण्याचा नसून जास्तीची उष्णता घालवून देण्याचा असतो. वाट दिली नाही तर शरीर ती घामाच्या द्वारे घालविते. येथूनच संकटास आरंभ होतो.

एक ग्रॅम घामाची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. समजा, चढताना आपली बनियन भिजली आणि तिच्यात शंभर ग्रॅम, म्हणजे लहान पेलाभर, घाम साठला. माथ्यावर पोहोचून आपण बसलो की शरीराची उष्णता पुन्हा शंभर वॅटवर येते. ती बनियन अंगावरच वाळवावयाची झाल्यास स्वस्थ बसलेल्या शरीराची सुमारे चाळीस मिनिटांची सर्व उष्णता केवळ त्या कामी खर्ची पडेल. शिवाय पाणी हे हवेच्या सुमारे पंचवीस पट अधिक उष्णतावाहक आहे. म्हणून ओला कपडा कातडीस चिकटला की शरीराची ऊब दोन्ही बाजूंनी लुटली जाते. हिवाळ्यात चालणाऱ्यास थंडी गाठते ती बहुधा चढताना नव्हे, तर चढ संपल्यावर. त्या थंडीची तयारी मात्र त्याने स्वतःच, चढताना, अंगावरील जाड कोट न काढून केलेली असते.

यावरून पोशाखाचा पहिला नियम निघतो. कपडे घालणे ही सकाळी एकदा उरकण्याची क्रिया नसून दिवसभर चालणारी क्रिया आहे. आणि ती शक्य व्हावी यासाठी एका जाड कपड्याऐवजी अनेक पातळ कपडे असले पाहिजेत.

कपड्यांचे तीन थर मानावेत. पहिला अंगालगतचा. तो घाम शोषून धरणारा नसावा. सुती कपडा उन्हाळ्यात जो गुण दाखवितो तोच हिवाळ्यात अवगुण ठरतो. तो भिजतो, चिकटतो आणि लवकर वाळत नाही. जीनच्या विजारीसही हेच लागू आहे. त्याऐवजी पातळ लोकरीची बनियन, किंवा खेळाडू वापरतात तशी पॉलिएस्टरची साधी बनियन घालावी. लोकरीचा धागा वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेऊनही हातास ओला लागत नाही. पॉलिएस्टर जवळजवळ काहीच शोषून घेत नाही, म्हणून ते चटकन वाळते.

दुसरा थर ऊब राखणारा. येथे काम करते ती लोकर अथवा कापूस नव्हे, तर धाग्यांच्या दरम्यान अडकलेली स्थिर हवा. आपल्या आजीची गोधडी जुन्या लुगड्यांचे पातळ पदर एकावर एक ठेवून शिवलेली असते. तिची ऊब त्या पदरांमध्ये राहिलेल्या हवेची असते. म्हणून दोन पातळ स्वेटर एका जाड स्वेटरपेक्षा अधिक उपयोगी पडतात, आणि त्यांतील एक काढून ठेवता येतो हा आणखी एक लाभ. १९८०च्या सुमारास प्रचारात आलेले 'फ्लीस' नावाचे लवदार कापडही याच तत्त्वावर काम करते.

तिसरा थर वाऱ्यास अडविणारा. तो जाड असण्याची गरज नाही, विणीने घट्ट असला म्हणजे झाले. वारा काय करतो हे पाहण्यासाठी पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन संशोधकांनी अंटार्क्टिकावर पाणी गोठण्यास लागणारा वेळ मोजला आणि १९४५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. २००१ साली अमेरिका आणि कॅनडा या देशांनी स्वीकारलेल्या सुधारित सूत्रानुसार, हवेचे तापमान शून्य अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा वाहत असेल, तर उघड्या कातडीस ते उणे सहा-सात अंशांसारखे भासते. उद्या झाडीतून चालताना आपणास वारा जाणवणार नाही, परंतु माथ्याच्या धारेवर पाऊल ठेवताच तो जाणवेल. उंचीमुळेही तेथील हवा तळ्याकाठच्या हवेपेक्षा सुमारे चार अंशांनी थंड असते. तेव्हा विंडचीटर पिशवीच्या तळाशी ठेवू नये, सर्वांत वर ठेवावा.

हे ज्ञान नवे आहे असे मात्र कोणी मानू नये. याच कुमाऊंच्या उत्तरेस जोहार आणि दारमा खोऱ्यांतील भोटिया लोक पिढ्यान्‌पिढ्या लोकर विणीत आले आहेत. त्यांची 'पंखी' ही हलकी शाल आणि 'थुलमा' हे जाड, लवदार पांघरूण. चालण्यासाठी एक वस्त्र आणि थांबण्यासाठी दुसरे, हा विवेक त्यात आहे. हिमाचलातील गद्दी मेंढपाळ लोकरीचा सैल चोळा घालतात आणि कमरेस 'डोरा' नावाची लोकरीची लांब दोरी अनेक वेढे देऊन बांधतात. कमरेवरच्या सैल भागात हवा राहते, आणि प्रसंगी कोकरूही राहते. काश्मीरचा फेरनही असाच सैल असतो. तंग कपड्यात हवेस जागा नसते, ही गोष्ट या सर्वांना ठाऊक होती.

१९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसे झालेले जॉर्ज मॅलरी यांचे शव १९९९ साली सापडले. त्यांच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे अनेक पातळ थर होते आणि वर गॅबर्डिन होते. २००६ साली या कपड्यांच्या प्रतिकृती तयार करून एव्हरेस्टच्या परिसरात घालून पाहण्यात आल्या, तेव्हा ते हलके आणि हालचालीस सोयीचे असल्याचे दिसून आले. तरीही ते गृहस्थ परत आले नाहीत. चांगला पोशाख माणसास सर्व संकटांतून तारतो असे नव्हे. परंतु महागडे सामान नसल्यामुळे आपण डोंगरात जाऊ शकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे. घरातील दोन जुने स्वेटर, एक पॉलिएस्टरची बनियन आणि एक साधा विंडचीटर एवढ्यावर उद्याचा दिवस उत्तम पार पडेल.

आता हात, पाय आणि डोके यांविषयी. शरीराची अर्धी उष्णता डोक्यावाटे जाते, असे सांगण्याची प्रथा आहे. ते खरे नाही. डोक्याचा भाग शरीराच्या पृष्ठभागाच्या मानाने जेवढा, साधारण तेवढीच उष्णता तेथून जाते. तथापि टोपी घालणे आणि काढणे हे सर्वांत सोपे काम आहे. गरम होऊ लागताच प्रथम टोपी काढावी, थांबताच प्रथम टोपी घालावी. बुटात दोन-दोन मोजे कोंबू नयेत, कारण पाय आवळला गेल्यास रक्त नीट फिरत नाही आणि बोटे अधिकच गारठतात. त्याऐवजी एक कोरडा जोड पिशवीत ठेवावा. आणि 'अंगात ऊब येईल' म्हणून कोणी मद्य बरोबर घेऊ नये. मद्याने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि शरीराची खरी उष्णता मात्र बाहेर निघून जाते. गूळ, शेंगदाणे आणि गरम चहा यांची योग्यता त्याहून पुष्कळ मोठी आहे.

येथवर जे सांगितले ते एकट्याने चालणाऱ्यासही उपयोगी पडेल. आपण मात्र तुकडीने जाणार आहोत, आणि तुकडीचा म्हणून एक वेगळा धोका असतो. तो पुस्तकांत सहसा लिहिलेला आढळत नाही.

पुढे चालणारे चार-पाच जण वेगाने चढतात, एखाद्या वळणावर थांबतात, स्वेटर काढतात, पाणी पितात. पंधरा मिनिटांनी शेवटचा माणूस घामाने निथळत तेथे येतो. तो येताच पुढचे उठतात, कारण बसून बसून त्यांना आता थंडी वाजू लागलेली असते. शेवटच्या माणसाला कपडे काढण्यास वेळ मिळत नाही, पाणी पिण्यास मिळत नाही, आणि 'माझ्यासाठी थांबा' असे म्हणण्याचा त्यास संकोच वाटतो. असे तीन-चार वेळा झाले की माथ्यावर पोहोचताना तुकडीतील सर्वांत थकलेला आणि सर्वांत भिजलेला माणूस एकच असतो. वाऱ्यात बसल्यावर सर्वांत आधी गारठतो तोही तोच. दोष त्याच्या स्वेटरचा नसतो, तुकडीच्या चालण्याच्या रीतीचा असतो.

म्हणून उद्या तीन गोष्टी पाळावयाच्या आहेत. निघाल्यापासून पंधरा मिनिटांनी सर्व तुकडी थांबेल आणि प्रत्येक जण एक कपडा काढील, मग त्यास गरज वाटो अथवा न वाटो. प्रत्येक विश्रांतीचा वेळ शेवटचा माणूस पोहोचल्यापासून मोजला जाईल. आणि माथ्यावर पोहोचल्यावर निसर्गसौंदर्य पाहण्यापूर्वी प्रत्येकाने ओली बनियन बदलावी, वर स्वेटर आणि विंडचीटर चढवावा. शिखरे कोठे जाणार नाहीत. मुलींना आडोसा मिळावा म्हणून माथ्याच्या अलीकडे झाडीत आपण एकदा थांबू.

प्रत्येकाने आपल्या जोडीदारावर लक्षही ठेवावे. शरीराचे आतील तापमान सामान्यतः ३७ अंश असते. ते ३५ अंशांखाली गेले की त्या अवस्थेस हायपोथर्मिया म्हणतात. तिची अडचण ही की ज्यास ती होते त्यास ती कळत नाही. माणूस आधी कुडकुडतो, मग त्याची बोटे गुंडीशी चाचपडू लागतात, पावले अडखळतात, बोलणे अस्पष्ट होते, तो विनाकारण चिडतो अथवा अगदी गप्प होतो. कुडकुडणे एकाएकी थांबले आणि माणूस तरीही सुस्तच राहिला, तर तो बरा झाला असे समजू नये. त्याची प्रकृती अधिक बिघडली आहे. अशा वेळी 'तुला बरे वाटते का' असे विचारण्यात अर्थ नाही, कारण उत्तर 'हो' असेच येते. त्यास वाऱ्यापासून आडोशास न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, जमिनीवर पिशवी अंथरून तिच्यावर बसवावे, आणि तो नीट शुद्धीवर असेल तर गोड, गरम पेय द्यावे. एवढ्याने उतार पडला नाही तर माणसे पाठवून मदत आणवावी. माथा गाठण्याचा विचार त्या दिवसापुरता सोडून द्यावा.

उद्या सकाळी सात वाजता आपण अंगणात जमू, तेव्हा ऊन आलेले नसेल आणि थंडी शून्याच्या आसपास असेल. निघताना प्रत्येकास थोडी थंडी वाजत असली पाहिजे. ज्यास उभ्याउभ्याच छान ऊब वाटत असेल त्याने निघण्यापूर्वी एक कपडा काढून पिशवीत ठेवावा. आता रात्री झोपण्यापूर्वी आपापली पिशवी उघडावी, कोरडी बनियन आणि मोजे आत आहेत की नाहीत ते पाहावे, आणि ज्याच्याजवळ नसतील त्याने संकोच न करता शेजाऱ्याकडे मागावेत. ज्याच्याजवळ दोन असतील त्याने मागण्याची वाट पाहू नये.